पूजा झालेली चाकं

आमच्या समोरच्या घरातला प्रल्हाद हरकरे नागपूरचा आणि मी पुण्याची. तरी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत इतकी वर्षं आमचं पटतंय, यातच त्याचं कौतुक आलं. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त त्याला काही विकत घ्यायचं असलं की शेजाऱ्यांनी महिनाभर गाव सोडून जावं. साधा मिक्सर घ्यायचा होता, तर यानं निम्म्या न्यू जर्सीतल्या मराठी बायकांना फोन करून आपापल्या मिक्सरचा आवाज ऐकवायला लावला. सगळ्यांचं ऐकून घेतो, मान डोलावतो, 'बरोबर आहे तुमचं' म्हणतो, आणि शेवटी कुणीच सुचवलं नव्हतं ते घेऊन येतो. तो मिक्सर त्यांच्याकडे अजून आहे. झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं तर चटणी चांगली होते.

या माणसानं आयुष्यात एकच वस्तू कुणालाही न विचारता घेतली, ती म्हणजे पिवळी. हिमानी, त्याची एकुलती एक लेक, लग्न होऊन सिरॅक्यूजला गेली आणि त्याच उन्हाळ्यात हा एक सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभा. दोन सीटची, हळदीसारखी पिवळीधम्मक, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. आधीच्या मालकानं, कुणीतरी हौशी पोरगा होता, तिला भलेमोठे लाल ब्रेक बसवले होते, ते चाकाच्या आतून दिसायचे. प्रल्हादला त्या लाल रंगाचं फार कौतुक. मी विचारलं, "अरे, या वयात हे काय?" तर म्हणाला, "उत्तरा, आजवर सगळ्यांना बसवून नेलं. एकदा नुसती चालवून पाहायची होती." यावर मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही काही रोजची गोष्ट नाही.

सुवर्णा मात्र गप्प बसणारी नव्हती. त्याची बायको, एका औषध कंपनीत आहे, शिस्तीची आहे, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर होतं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये घरटी एकच गॅरेज. पिवळी आली, ती थेट गॅरेजात जाऊन बसली, आणि सुवर्णाची जुनी सेडान बाहेर आली. उन्हाळ्यात ठीक होतं. थंडी पडली तशी रोज सकाळी सुवर्णा बाहेर उभी राहून काचेवरचा बर्फ खरवडतेय आणि पिवळी आत पांघरूण घेऊन झोपलीय, हे दृश्य मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिवाळाभर पाहिलं. चहा कडू लागायचा मला.

पिवळी बाहेर काढायची सोय नव्हती, कारण तिचे टायर उन्हाळी. मलाही तेव्हाच कळलं की टायरांतही असं काही असतं. उन्हाळी टायर थंडीत बाटलीतल्या खोबरेल तेलासारखा कडक होतो आणि रस्ता धरत नाही. प्रल्हादला हे वाचून माहीत होतं, पण एका नोव्हेंबरातल्या सकाळी त्याला ते करून बघायचं होतं. त्यांच्या ड्राइव्हवेला, म्हणजे गॅरेजापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेला, उतार आहे. पिवळी गॅरेजातून निघाली, प्रल्हादनं ब्रेक दाबला, आणि ती नव्या नवरीसारखी हळूहळू, लाजत लाजत, रस्ता ओलांडून माझ्या मेलबॉक्सला येऊन टेकली. प्रल्हाद आत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसला होता. काच खाली करून म्हणाला, "गुड मॉर्निंग, उत्तरा. येऊन राहिलो होतो, तर आलोच." मेलबॉक्स अजून वाकडा आहे.

त्या हिवाळ्यानंतर सुवर्णानं निकाल दिला. मी तिथेच बसले होते, पोहे खात. "प्रल्हाद, ही गाडी असेल तर गाडीसारखी राहील. थंडीत बाहेर उभी राहील, बर्फात चालेल. येत्या संक्रांतीला कुशचं बोरन्हाण आहे. तू या गाडीनं सिरॅक्यूजला आलास तर ती राहील. नाही आलास, तर राजला देऊन टाकायची." राज म्हणजे आमच्याच कॉम्प्लेक्समधला एक तरुण मुलगा. तो पिवळीजवळून जाताना चप्पल काढायचा तेवढा बाकी होता. कुश म्हणजे हिमानीचं बाळ, आणि सिरॅक्यूज म्हणजे जिथं बर्फ पडतो असं म्हणत नाहीत, तिथं बर्फ राहतो आणि मधूनमधून माणसं दिसतात.

प्रल्हादला हे ऐकून वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्याचे डोळे चमकले. त्याला खरेदी करायची होती.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीतल्या सगळ्या मराठी मंडळींचा ग्रुप झाला. नाव ठेवलं 'हिवाळी अधिवेशन'. नागपूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार. आणि खऱ्या अधिवेशनासारखंच, गोंधळ पुष्कळ, निर्णय शून्य. सिद्धेश म्हणाला, हिवाळी टायर वेगळ्या चाकांवरच चढवून घे, म्हणजे दरवर्षी आख्खी चाकंच बदलायची, टायर उलटसुलट करायला नकोत. ऋषी म्हणाला, रुंद टायर घे, गाडी स्पोर्ट्सची आहे, इज्जतीचा प्रश्न आहे यार. देवयानी म्हणाली, अरुंद घे, अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर वरच तरंगतो. कुणी म्हणालं काळी चाकं, कुणी म्हणालं चांदीच्या रंगाची, बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं खराब झाली तरी कळत नाहीत. पार अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून, बेलव्ह्यूहून, एका काकांनी स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीचा फोटो टाकला, त्याचा कशाशीही संबंध नव्हता. प्रल्हादनं सगळ्यांना 'बरोबर आहे तुमचं' लिहिलं.

मग एक दिवस त्याला साक्षात्कार झाला. चाक जितकं लहान, तितका त्याच्याभोवतीचा रबर जाड. रबर जितका जाड, तितके खड्डे सोसतात. आणि लहान चाक अरुंदही असतं. म्हणजे लहान चाक सगळ्यात उत्तम, आणि उत्तमातलं उत्तम म्हणजे सगळ्यात लहान. हे कुणीच सुचवलं नव्हतं, त्यामुळे तेच ठरलं. टायरच्या दुकानाच्या वेबसाइटनं ऑर्डर घेताना त्याला विचारलंही होतं, गाडीला मोठे ब्रेक आहेत का म्हणून. यानं 'नाही' दाबलं. मला नंतर सांगत होता, "ब्रेक म्हणजे ब्रेक, उत्तरा. त्याच्यात मोठा काय न् लहान काय?" रोज ज्यांच्याकडे कौतुकानं बघायचा, त्या लाल ब्रेकांबद्दल हे बोलणं.

चाकं आली ती नेमकी दसऱ्याच्या आधी. झालं. दिवाणखान्यात टीव्हीसमोर दोन पाट आणि दोन योगा मॅट अशा आसनांवर चार चाकं मांडली गेली. झेंडूच्या माळा आल्या. प्रत्येक चाकावर कुंकवानं ठसठशीत 'श्री' काढला, हळद वाहिली, अक्षता टाकल्या, नारळ फोडून पाणी शिंपडलं. सुवर्णा दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "अरे, आधी एकदा गाडीला लावून तरी बघ बसतात का."

"पूजेच्या आधी चाक रस्त्याला लावतात का कुठं?" प्रल्हादनं विचारलं. "मग ती पूजा कशाची? वापरलेल्या चाकाची?"

मीही त्याचीच बाजू घेतली, कारण प्रसादाच्या पेढ्यांची परात त्याच्या हातात होती.

चाकं दिवाणखान्यातच राहिली. दिवाळीला त्यांच्यावर पणत्या ठेवल्या. पाहुणे त्यांच्यावर कोट ठेवू लागले. डिसेंबरात थंडी कडक झाली तेव्हा प्रल्हादनं मुहूर्त काढला, जॅक लावला, पिवळीचं पुढचं चाक काढलं आणि पूजेचं चाक उचलून लावायला गेला. चाक बसेना. फिरवून पाहिलं, बसेना. सिद्धेशला बोलावलं, दोघांनी लोटलं, तरी बसेना. तो भलामोठा लाल ब्रेक चाकाच्या पोटात मावतच नव्हता. लहान मुलाची टोपी मोठ्या माणसाच्या डोक्यावर कितीही दाबली तरी काय होणार. प्रल्हाद तिथंच बर्फाळ काँक्रीटवर बसला. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाला.

परत करायला माझी गाडी लागली, कारण पिवळीत चार चाकं सोडा, एक कलिंगड मावत नाही. दुकानदार विनी नावाचा गलेलठ्ठ माणूस होता, बोलायला गोड. त्यानं पहिलं चाक काउंटरवर घेतलं आणि चष्मा लावला.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू," प्रल्हाद म्हणाला.

विनीनं टायरच्या खाचेत बोट घातलं. "आणि यात भात आहे."

"अक्षता. कच्चा तांदूळ आहे तो, भात नाही," प्रल्हादनं दुरुस्ती केली.

"हे चाक वापरलेलं आहे, सर."

"रस्त्यावर नाही वापरलं. फक्त देवासमोर."

विनीनं चाक नाकाजवळ नेलं. नारळाचं पाणी दोन महिने वाळलं की काय वास येतो ते मला त्यांच्या दिवाणखान्यातच कळलं होतं. तो बिचारा म्हणाला, त्याची आजीसुद्धा नवी गाडी चर्चमध्ये नेऊन पाणी शिंपडून आणायची, त्याला सगळं समजतं. पण नियम म्हणजे नियम, वापरलेला माल परत नाही. मी प्रल्हादच्या कानात म्हटलं, "घरून पुसून का नाही आणलीस?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "कुंकू पुसायचं? घरात बायको असताना?" आता यावर काय बोलणार. मी तरी पुसलं असतं का? नसतंच पुसलं.

विनीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पिवळीच्या मापाचा हिवाळी माल फेब्रुवारीपर्यंत इकडच्या दुकानांत कुठंच नाही. आणि ही चाकं वाया जाणार नाहीत, कुठल्याही साध्या फॅमिली सेडानला बसतील. प्रल्हादनं मान डोलावली. बरोबर आहे तुमचं.

पण देव अगदीच झोपलेला नव्हता. ऋषीनं एक माणूस शोधून काढला. त्याच्याकडे पिवळीच्या मापाची, मोठ्या ब्रेकवर बसणारी हिवाळी चाकं पडून होती आणि त्याला सेडानसाठी लहान चाकं हवी होती. सरळ अदलाबदल. शनिवारी यायचं ठरलं. प्रल्हाद इतका खूश झाला की त्यानं मला त्या मिक्सरमधली चटणी आणून दिली. पिवळी वाचली होती.

आता इथून पुढचं मी नीट सांगते. सुवर्णा बोरन्हाणाच्या तयारीला आठवडाभर आधी, शुक्रवारी दुपारी, एकटीच आपल्या सेडाननं निघणार होती. आमचे हे भारतात गेले होते, म्हणून पुढच्या शनिवारी मी आणि प्रल्हाद मागून जाणार होतो. शुक्रवारी सकाळी तो मला हाक मारायला आला. चेहरा उतरलेला. मला सुवर्णाच्या गाडीपाशी नेलं, खाली वाकला, आणि तिच्या टायरवरून तळहात फिरवला.

"बघ," म्हणाला. "गुळगुळीत. वर्षभर मी पिवळीच्या टायरांवर संशोधन करून राहिलो, आणि ही रोज या टायरांवर ऑफिसला जाऊन राहिली. मी एकदा खाली वाकून पाहिलं नाही. आणि आज संध्याकाळपासूनच तिकडं बर्फाचं वादळ सांगितलंय."

"मग तिला म्हण, दोन दिवसांनी जा."

"सुवर्णाला?" तो म्हणाला. दुकानांत त्या दिवशी कुणाचाच नंबर लागत नव्हता, सगळी न्यू जर्सी टायर बदलायला धावली होती.

मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडे चार चाकं आहेत की." मी बोलून गेले आणि जीभ चावली. तोही तेच बोलायला आला होता. उद्या ती चाकं दिली नाहीत तर अदलाबदल नाही, अदलाबदल नाही तर पिवळी सिरॅक्यूजला जात नाही, आणि जात नाही तर राज घेऊन जातो. त्याला हे सगळं माहीत होतं. सुवर्णा वर मीटिंगमध्ये होती. त्यानं जॅक काढला, मी नट गोळा करत बसले, आणि चारही चाकं सेडानला चढली. अशी बसली, जणू तिच्यासाठीच केली होती. 'श्री' सकट. मला बजावलं, "तिला सांगू नको. सांगितलं तर मुद्दाम काढायला लावेल. म्हणेल, उपकार करून राहिला." सुवर्णाला गाडीचा पेट्रोलचा काटा दिसत नाही तर चाकं कुठून दिसणार. ती बॅगा टाकून निघून गेली. प्रल्हाद वळणापर्यंत बघत उभा राहिला. मग गॅरेजात जाऊन पिवळीत बसला, नुसताच. मला त्याची फार दया आली.

मंगळवारी सुवर्णाचा मला फोन. "उत्तरा, आमच्या गॅरेजची किल्ली तुझ्याकडे आहे ना? पिवळीचे फोटो काढून पाठव. चाकांचे, टायरवरच्या आकड्यांचे, आतल्या त्या लाल ब्रेकचेसुद्धा. प्रल्हादला कळू देऊ नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजला दाखवायला फोटो हवेत, हे न कळायला मी दूधखुळी नाही. ज्या बाईच्या पायाखाली नवऱ्यानं आपली हौस काढून घातली, ती बाई त्याच्या पाठीमागं गाडी विकायला निघाली. मला ओरडून सांगायचं होतं, आणि शब्द दिला होता म्हणून सांगता येत नव्हतं. त्याचं गुपित तिला सांगायचं नाही, तिचं त्याला सांगायचं नाही, आणि मध्ये मी, खलबत्त्यातल्या सुंठीसारखी. फोटो काढले, पाठवले, आणि दिवसभर भांडी आपटली.

शनिवारी माझ्या गाडीनं आम्ही निघालो. हलव्याचे दागिने मी केले होते, ते प्रल्हाद मांडीवर घेऊन बसला होता. वाटेत शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे टायर तो मला सांगत होता. पेनसिल्व्हेनियात बर्फ सुरू झाला तसा तो मांडीवरचे दागिने सावरत बसला. मग म्हणाला, "राज चांगला पोरगा आहे. जपेल तिला." मी गाणी मोठी केली.

हिमानीच्या दारात सुवर्णा उभी होती. आम्हाला माझ्या गाडीतून उतरताना पाहिलं. "तुझी गाडी कुठंय?"

"घरी," प्रल्हाद म्हणाला. "नाही जमलं. तू म्हणाली होतीस तसंच करू. राजला सांगून टाक."

सुवर्णानं गॅरेजाकडे बोट केलं. "गॅरेजात तिळगुळाचा डबा राहिलाय, तेवढा घेऊन ये," म्हणाली. तो गेला. बराच वेळ आलाच नाही. हिमानी म्हणाली, "मावशी, गो सी, बाबा कुठे राहिले." मी गेले.

गॅरेजात प्रल्हाद उभा होता आणि त्याच्यासमोर चार चाकं एकावर एक रचलेली होती. नवीकोरी. मोठ्या ब्रेकची, पिवळीच्या मापाची. बर्फाच्या गावात टायरांना काय तोटा. प्रल्हाद त्या चाकांवरून हात फिरवत होता. मागून सुवर्णा आली.

"येताना हायवेवर एक ट्रक माझ्यासमोर आडवा झाला," ती म्हणाली. "मी ब्रेक दाबला. वाटलं, संपलं. आणि गाडी थांबली, प्रल्हाद. जागच्या जागी थांबली. पुढच्या थांब्यावर उतरून बघते तर माझ्या चाकावर कुंकू. बर्फात उभी राहून रडले मी. लोक बघत होते."

प्रल्हाद म्हणाला, "मला आधीच बघायला हवं होतं."

"हो, हवं होतं," सुवर्णा म्हणाली. तिचं तिनं सोडलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू फोटो पाठवलेस ते इतके हललेले का होते? दुकानदाराला आकडे वाचता येईनात." मी रागानं काढले होते, हे मी काही सांगितलं नाही.

आत हळदीकुंकवाचं तबक तयार होतंच. प्रल्हाद जाऊन कोयरी घेऊन आला आणि चाकासमोर वाकला. सुवर्णानं त्याचं मनगट धरलं.

"आधी लावून बघ बसतात का," ती म्हणाली. "मग पूजा."

कुशचं बोरन्हाण छान झालं. अमेरिकेत बोरं कुठली, म्हणून हिमानीनं चुरमुऱ्यांत ब्लूबेरी घातल्या, आणि पोरानं हलव्याचा हार गळ्यातल्या गळ्यात चाटून संपवला. परतताना माझ्या गाडीत मागं चार चाकं होती आणि प्रल्हाद वळून वळून त्यांच्याकडे बघत होता. चाकं बसली. पूजाही झाली.

आता पिवळी बाहेर उभी असते आणि गॅरेजात सुवर्णाची सेडान. रोज सकाळी प्रल्हाद काचेवरचा बर्फ खरवडतो आणि मला खिडकीतून हात करतो. रस्त्यावरच्या मिठानं सेडान पांढरीफटक झालीय, पत्र्याला गंज धरतोय. मी परवा सुवर्णाला म्हटलं, बये, ती गाडी एकदा धुऊन तरी आण. तर म्हणाली, "चाकांवरचं कुंकू अजून पुरतं गेलेलं नाही. जाईपर्यंत राहू दे."